दीडशे रुपये गेले कुणाला?

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरी दीडशे रुपयांवरून दोन दिवस बोलणे चालले होते. रक्कम छोटी, पण विषय काही केल्या संपेना.

झाले असे. आमची थोरली मुलगी बारावीला आहे आणि नीटची तयारी करते. लातूरला किंवा नांदेडला ठेवून शिकवायचे तर क्लास, खोली आणि मेस मिळून खर्च लाखाच्या वर जातो. ते आम्हाला जमले नाही, म्हणून घरीच मोबाइलवर अभ्यास चालतो. एका ऑनलाइन क्लासची वर्षाची फी काही हजार रुपये होती. आम्ही म्हणालो, ईद होऊ दे, मग पाहू. तेवढ्यात तिला मैत्रिणीकडून टेलिग्रामची एक लिंक मिळाली. तिने यूपीआयवरून दीडशे रुपये पाठवले आणि त्याच क्लासचे वर्षभराचे सगळे व्हिडिओ, नोट्स, सराव पेपर तिच्या मोबाइलमध्ये येऊन पडले. इफ्तारनंतर तिने आनंदाने जाहीर केले, "दादाजान, पूरा बॅच डेढ सौ में!"

आमचे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी मोबाइल हातात घेऊन एक व्हिडिओ चार-पाच मिनिटे पाहिला. पडद्यावरचे सर हृदयाचे कप्पे आणि रक्ताभिसरण समजावून सांगत होते आणि फार छान सांगत होते. अब्बांनी विचारले, "बेटा, हे दीडशे रुपये या सरांना मिळाले का?"

"नाही, ग्रुपवाल्याला मिळाले."

"मग त्याने काय शिकवले?"

मुलीने उत्तर दिले नाही. पण लेक आमचीच. थोड्या वेळाने तिने मोर्चा आमच्याकडे वळवला. "अब्बू, आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जे काही आहे, ते कुठून विकत घेतलंय?"

यावर आम्ही दोघेही गप्प झालो. अब्बा तरावीहला निघून गेले आणि जाताना एवढेच म्हणाले, की सवाल दोन्ही ठिकाणी एकच दिसतो.

तेव्हापासून या गोष्टीचा जमेल तसा शोध घेतला. पुस्तकवाल्यांशी बोललो, झेरॉक्सवाल्यांशी बोललो, एका वकील स्नेह्यांकडून कायदा समजून घेतला, आलिमांची मते वाचली. जे हाती आले ते वाचकांसमोर ठेवतो. आम्ही यात न्यायाधीश नाही. आरोपीच्या बाकावरून बोलतो आहोत.

भाजीबरोबरची कोथिंबीर

परभणीत स्टेशन रोडच्या मागे एका गल्लीत आमचे डीटीपीचे छोटे दुकान आहे. निकाहच्या पत्रिका, मदरशांच्या पावत्या, जलशांची पोस्टर्स, शाळांची हस्तपत्रके अशी कामे असतात. वीस वर्षांपूर्वी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा विकणाऱ्याने तो "सगळे भरून" दिला होता. विंडोज, पेजमेकर, कोरल, फोटोशॉप, मराठीचे फाँट आणि उर्दूसाठी इनपेज. यातल्या एकाचीही पावती आमच्याकडे नव्हती आणि ती मागायची असते हेही ठाऊक नव्हते. भाजीबरोबर कोथिंबीर मिळते, तसे कॉम्प्युटरबरोबर हे सगळे मिळते, अशीच आमची समजूत होती. शेजारच्या चार दुकानांत हेच होते.

इनपेजची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या घरच्या भाषेची आहे. उर्दूची नस्तालीक लिपी शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलते आणि ओळीवर तिरकी उतरत येते. छापखान्याच्या खिळ्यांत ती कधी नीट बसली नाही. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रे खिळ्यांवर जुळवली जात होती त्या काळात उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत होते. पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील या कलावंताने हजारो अक्षरजोड एकेक करून हाताने लिहिले. ते मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात भरले गेले आणि १९८१ मध्ये 'जंग' या दैनिकाने लाहोरला त्या अक्षरांत अंक काढला. मिर्झासाहेबांनी वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्या अक्षरांना 'नूरी नस्तालीक' म्हटले. ते यंत्र साध्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने तीच अक्षरे टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आणली. तेच इनपेज.

त्याच्या चोरट्या सीड्या उपखंडातल्या गल्लोगल्ली पोचल्या. कित्येक उर्दू अंक, पुस्तके, पत्रिका त्यावर तयार झाल्या. आमच्या दुकानात तर वीस वर्षांतली प्रत्येक उर्दू पत्रिका त्यावरच जुळली. जुळणीचे पैसे आम्ही ग्राहकाकडून रोख घेतले. ज्यांनी अक्षरे लिहिली आणि ज्यांनी ती कॉम्प्युटरवर आणली, त्यांच्या वाट्याला आमच्याकडून एक पैसाही गेला नाही. दीडशे रुपये घेणारा तो ग्रुपवाला आणि आम्ही, यांत फरक कोणता, हे लेकीला समजावून सांगणे आम्हाला जमले नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातील कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. सॉफ्टवेअरसाठी वेगळे कलम ६३-ब आहे. चोरटी प्रत आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरणे हाही गुन्हा धरला आहे. धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंड करू शकते. आमचे दुकान धंदाच आहे, हे वकीलसाहेबांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितले.

किंमत कुणाच्या खिशाप्रमाणे?

आता दुसरी बाजू. त्या वेळी हे सगळे रीतसर घ्यायचे ठरवले असते तर त्याची किंमत आमच्या दुकानाच्या वर्षभराच्या कमाईहून जास्त झाली असती. अमेरिकेतल्या कार्यालयाला जो भाव, जवळपास तोच भाव परभणीच्या गल्लीतल्या दुकानाला लावलेला होता. ज्याला दुधाचा रतीब परवडत नाही त्याने म्हैस चोरावी असे आम्ही म्हणत नाही. पण शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्वद जण माल चोरून नेत असतील, तर दुकानदाराने एकदा आपल्या भावपट्टीकडेही पाहायला हवे.

काहींनी पाहिले. ज्यांचे वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना हजरत तुराबुल हक (रह.) यांच्या उरुसातली कॅसेटची दुकाने आठवत असतील. फेब्रुवारीची थंडी, मिठाईचा वास आणि दर दहा पावलांवर वेगळी कव्वाली. ऐंशीच्या दशकापर्यंत कॅसेट ही चैन होती. एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीच्या कॅसेटी महाग असत आणि लहान गावांत मिळतही नसत. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने किंमत एवढी खाली आणली की हातगाडीवर कॅसेटी विकल्या जाऊ लागल्या. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेण्याची सोय कॉपीराइट कायद्यातच होती. तिचा त्यांनी पुरेपूर फायदा उचलला आणि त्यावर वादही पुष्कळ झाले. पण सामान्य माणूस पैसे देऊन गाणे विकत घेतो, फक्त किंमत त्याच्या खिशाला जुळली पाहिजे, हे त्या हातगाड्यांनी दाखवून दिले.

अलीकडचे उदाहरण नेटफ्लिक्सचे. ही कंपनी जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा सर्वांत स्वस्त योजना महिना ५०० रुपयांची होती. २०१९ मध्ये तिने फक्त मोबाइलवर चालणारी १९९ रुपयांची योजना काढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तीही १४९ वर आणली. जगभर पसरलेल्या कंपनीला जवळपास सहा वर्षांत भारतीय खिशाची उंची कळली. तिथे काय दाखवले जाते आणि घरात काय पाहावे, हा निराळा विषय. इथे फक्त भावाचे बोलतो आहोत.

म्हणून सगळा दोष महाग किमतीचा, असेही म्हणवत नाही. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. आपल्याकडची साधी टॉकीज काही मल्टिप्लेक्स नव्हे आणि तिकीट काही फार नव्हते. तरीही सिनेमा टॉकीजला चालू असतानाच चोरटी प्रत मोबाइलवर फिरू लागली होती. त्या काळी मोबाइलच्या दुकानात "कार्ड भरून" मिळायचे. वीस-तीस रुपयांत सिनेमे, गाणी, नात, बयान सगळे एकाच कार्डात. तिकिटाचे पैसे खिशात असलेली माणसेही कार्ड भरून घेत. फुकटाची सवय लागली की ती गरिबीचे कारण सांगू लागते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. दुकान बरे चालू लागल्यावर तरी आम्ही कुठे पावत्या घ्यायला गेलो होतो!

तीनशे रुपयांच्या पुस्तकाचा हिशेब

मोठ्या कंपनीचे काय बिघडते, असे आपण सहज म्हणतो. मोठ्या कंपनीचे खरेच फार बिघडत नसेल. पण चोरी करणारा हात कंपनीचा आकार बघून थांबत नाही.

मराठी पुस्तकाचा हिशेब एका पुस्तकवाल्यांनी आम्हाला कागदावर मांडून दाखवला. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. त्यातले तीस-चाळीस टक्के विक्रेता आणि वितरकाच्या सवलतीत जातात. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, वाहतूक यांत बराचसा भाग संपतो. लेखकाला मानधन मिळालेच तर साधारण दहा टक्के, म्हणजे तीस रुपये. तेही प्रत विकली गेल्यावर. आपल्या मुस्लिम मराठी लेखकांची पुस्तके बहुधा पाचशे-हजार प्रतींची निघतात आणि अनेकांनी ती पदरचे पैसे घालून काढलेली असतात. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून ही मंडळी असेच करत आली आहेत. अशा पुस्तकाची पीडीएफ चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली की पाचशे प्रतींपैकी दोनशे प्रती लेखकाच्या घरी पलंगाखाली राहतात. दुसरी आवृत्ती मग निघत नाही.

यातली गंमत झेरॉक्सच्या दुकानात कळली. अडीचशे पानांचे पुस्तक एका कागदावर दोन पाने घेऊन काढले तर सव्वाशे कागद होतात. कागदाला दीड रुपया धरला तर सुमारे १९० रुपये, वर बांधणीचे चाळीस. झाले २३०. तेच पुस्तक दहा टक्के सवलतीने २७० ला मिळते. चाळीस रुपये वाचवण्यासाठी आपण लेखकाचे तीस रुपये बुडवतो आणि हाती येते पुसट छापलेले, महिन्याभरात पाने सुटणारे बाड. हा हिशेब झेरॉक्सवाले भाई स्वतःच सांगत होते. "लोक मेडिकल, इंजिनिअरिंगचे हजार-दोन हजारांचे पुस्तक आणतात ते मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण कवितेचे पुस्तक झेरॉक्स करायला आणतात तेव्हा मलाच लाज वाटते."

हजार-दोन हजारांच्या पुस्तकाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. ज्या लेखकांची पुस्तके त्या संचांत होती, त्यांच्यापैकीही अनेकांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याचे आवाहन केले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या मजकुराची अशी प्रत काढण्याची सूट कायद्यातच आहे आणि कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त, अमर्याद हक्क नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने, शिकवण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढेच, ही कसोटी घातली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा सवलतींची मोठी यादी आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात प्रत काढणे, टीका किंवा परीक्षणासाठी उतारा देणे हे चालते. अख्खे पुस्तक स्कॅन करून पाचशे जणांना पाठवणे किंवा विकणे त्यात बसत नाही. या दोहोंतली रेघ कुणालाही दिसण्याइतकी ठळक आहे, दिसत नसेल तर पाहायचे नसते म्हणून.

आलिम काय म्हणतात

अब्बांना कायद्यापेक्षा दुसऱ्या बाजूची काळजी होती. त्यांनी जुनी उर्दू पुस्तके काढली आणि इथे आम्हाला एक अनपेक्षित गोष्ट सापडली. या प्रश्नावर आपल्या थोर उलेमांत एकमत नव्हते. उपखंडातील आधीच्या पिढीत मुफ्ती मुहम्मद शफी यांचे मत असे होते, की लेखनाचा हक्क ही हातात धरता येणारी वस्तू नाही, म्हणून तो राखून ठेवणे आणि विकणे योग्य नाही. इल्म अडवून ठेवू नये, हा विचारही त्या काळच्या चर्चेत होता. त्यांचेच चिरंजीव मुफ्ती तकी उस्मानी यांनी मात्र बदललेला व्यवहार लक्षात घेऊन हा हक्क मान्य करण्याकडे कल दाखवला. बाजार ज्याला माल समजतो आणि ज्यामागे माणसाची मेहनत आणि पैसा आहे, त्याला किंमत आहे, अशी ती मांडणी. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला झालेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव क्रमांक ४३ केला. लेखन, शोध, व्यापारी नाव यांचे हक्क त्यांच्या मालकांचे आहेत, शरीयतच्या दृष्टीने ते जपले पाहिजेत आणि त्यांवर अतिक्रमण करू नये, असा त्याचा आशय.

वडील आणि मुलगा दोघेही मोठे आलिम आणि दोघांची मते वेगळी, हे वाचून आमच्या मुलीला फार बरे वाटले! पण अब्बांनी तिला एक गोष्ट दाखवून दिली. वडिलांच्या मताचा आधार घेऊन कुणी असे म्हणू शकेल, की इल्म सर्वांचे आहे. पण ते दुसऱ्याचे इल्म दीडशे रुपयांना विकण्याची परवानगी त्यात कुठेही नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. पडद्यावरचे सर घामाघूम दिसत नाहीत, एवढाच फरक.

भावाबद्दलही आपल्या परंपरेत बोलले गेले आहे आणि ते दोन्ही बाजूंना ऐकण्यासारखे आहे. मदीनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे भाव ठरवून देण्याची मागणी केली. त्यांनी नकार दिला. कुणाच्या जिवावर किंवा मालावर जुलूम केल्याचा आरोप घेऊन आपल्याला रबसमोर जायचे नाही, असा त्यामागचा भाव होता. म्हणजे विकणाऱ्यावरही जबरदस्ती नको. पण लोकांच्या गरजेचा माल दाबून ठेवण्याला त्यांनी गुनाह ठरवले. पुढे इमाम इब्ने तैमिया यांनी हिस्बावरच्या ग्रंथात लिहिले, की लोकांना निकड असलेला माल कुणी अडवून धरत असेल तर हाकिम त्याला वाजवी भावाने विकायला भाग पाडू शकतो. आमच्या अल्पमतीला असे वाटते, की औषधशास्त्राचे किंवा शेतीचे एखादे संशोधन, जे सरकारी पैशातून झाले आणि ज्याच्या लेखकाला प्रकाशक काहीच देत नाही, ते हजारो रुपयांच्या कुलुपात ठेवणे या साठेबाजीच्या जवळ जाते.

परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आता वसंतराव नाईक यांच्या नावाने. तिथे संशोधन करणाऱ्या मुलामुलींना परदेशी नियतकालिकांतला एकेक लेख लागतो आणि तो विकत घ्यायचा तर दोन-तीन हजार रुपये पडतात. अशा वेळी चोरट्या संकेतस्थळांवरून लेख उतरवणे जगभर चालते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती मोफत वाचता यावीत ही कल्पना. रक्कम डोळे फिरवणारी आहे आणि प्रकाशकांना एवढे द्यावेत का, हा प्रश्न राहतोच. पण वाचणारा चोर ठरत नाही, ही सोय झाली.

टेलिग्रामवरचे दुकान

पुन्हा त्या दीडशे रुपयांकडे येतो. स्पर्धा परीक्षांसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या आणि त्याची पुस्तके लिहिणाऱ्या दिल्लीच्या नीतू सिंह यांचे व्हिडिओ आणि पुस्तके अशीच टेलिग्रामवर फिरत होती. एक चॅनल बंद केले की दुसरे उघडे. त्या न्यायालयात गेल्या. चॅनल चालवणाऱ्यांची माहिती देणे हा खासगीपणाचा भंग होईल आणि आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, असे टेलिग्रामचे म्हणणे होते. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि चॅनल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर, आयपी पत्ते न्यायालयाला देण्याचा हुकूम केला. पुढे कंपनीने ती माहिती बंद लिफाफ्यात सादर केली. पालकांनी हे लक्षात ठेवावे. मुलांना वाटते तिथे कुणाला काही कळत नाही, तसे नाही. शिवाय अशा ग्रुपवरून येणाऱ्या अनोळखी एपीके फाइल मोबाइलमध्ये घेतल्या आणि त्याच मोबाइलवर घरचे यूपीआय असले, तर काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

वाजवी किमतीत शिकवता येते, हेही याच धंद्यात दिसले. अलख पांडे यांनी प्रयागराजहून यूट्यूबवर मोफत शिकवायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये 'फिजिक्सवाला'चे अॅप काढले. इतर क्लासची फी लाखाच्या घरात असताना त्यांचे वर्षाचे वर्ग चार-पाच हजारांच्या आसपास होते. त्यामुळे इतरांनाही भावाचा विचार करावा लागला. स्वस्त वर्गांच्याही चोऱ्या होतात, ही गोष्ट मात्र खरी आहे.

मुलीच्या निमित्ताने आम्हाला बऱ्याच हक्काच्या मोफत गोष्टी सापडल्या, ज्यांची आधी दखलच घेतली नव्हती. एनसीईआरटीची सर्व पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि नीटच्या जीवशास्त्राचा पाया तीच पुस्तके आहेत. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर आहेत. केंद्राचे 'साथी' हे आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारे व्यासपीठ २०२३ पासून नीट-जेईईची तयारी मोफत करून घेते. आपल्यापैकी जे ओबीसी प्रवर्गात मोडतात त्यांच्यासाठी 'महाज्योती'ची योजना आहे, तीत मोफत प्रशिक्षणाबरोबर टॅब आणि इंटरनेटही दिले जाते. जाहिरात येते, मुदत निघून जाते आणि आपल्या घरात जातीचे प्रमाणपत्र तयार नसते. ही आपली जुनी रड आहे.

साहित्याचेही तसेच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि पुस्तक सर्वांचे होते. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणजे २०१४ च्या १ जानेवारीपासून त्यांचे लेखन कुणीही छापावे, टाइप करावे, वाटावे. साने गुरुजींचे त्याच्याही आधीपासून. चोरीचा शिक्का न लागता पीडीएफ वाटायची हौस ज्यांना भागवायची आहे, त्यांनी बी. रघुनाथांची एक कादंबरी शुद्ध टाइप करून ग्रुपवर टाकावी. शहरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे, पुस्तक मात्र घरोघरी नाही.

आमच्या घरी पुढे काय झाले, तेवढे सांगून थांबतो. मुलीने तो ग्रुप सोडला, मोबाइलमधले चौदा जीबी पुसून टाकले. दीडशे रुपये परत मागितले तेव्हा ग्रुपवाल्याने तिला ब्लॉक केले. ईदीच्या पैशांत आम्ही भर घातली आणि त्या क्लासची फी भरली.

दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर आता फुकट आणि रीतसर मिळणारी इंकस्केप, स्क्रायबस आहेत. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मोफत खुले केलेले मुक्ता, बलू हे फाँट वापरतो आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक. नस्तालीकची जुनी सर त्याला नाही, ग्राहक कुरकुर करतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर जुने कोरल अजून आहे, कारण छापखाना कोरलचीच फाइल मागतो. त्याचा परवाना घेण्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला काढत आहोत. लग्नसराई चांगली गेली तर वर्षाअखेरीस घेऊ.

मैत्रिणीकडे फीचे पैसे नाहीत. तिच्या अब्बूंचा पंक्चरचा ठेला आहे. मुलीने विचारले, "आयडी-पासवर्ड तिला दिला तर?" क्लासच्या नियमांत ते चालत नाही. तिने ते स्वतःच वाचून दाखवले. मग अब्बांकडे पाहत म्हणाली, "आणि ती इथे येऊन माझ्या शेजारी बसली तर?" अब्बा म्हणाले, "घरी आलेल्या पाहुण्याला उठ म्हणायचे नियमात लिहिले असेल तर सांग."

असरनंतर ती रोज येते. दोघी एकाच मोबाइलवर पाहतात आणि आमच्या चहात दोन कप वाढले आहेत.